पाचवा चौकोन

१

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला धनराज सरांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक जाहिरात लावली आणि ऑफिसातल्या चारही जणांच्या तोंडचं पाणी पळालं.

जाहिरात पुण्याच्या एका कंपनीची होती. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला एक शेतकरी, असला चकचकीत शेतकरी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरला टेकून फोन काढतो. कुणाशी तरी बोलता बोलता अधिकच्या खुणेवर बोट ठेवतो. खालून अलगद एक मेनू वर येतो. 'बोलून सांगा', 'ठिकाण कळवा', 'फोटो दाखवा', 'कागद पाठवा'. चार गोलसर चौकोन, वर आणि खाली दोन दोन. मग एक बाई गोड आवाजात सांगते की हे अ‍ॅप तुमच्या मनातलं ओळखतं आणि लवकरच येतंय.

त्या चौकोनांतला शब्द न् शब्द उज्वलाचा होता. रंग तिचे, गोलाई तिची, मेनू वर येतानाचा तो हलकासा हेलकावासुद्धा तिचा.

सातपूरला एका वर्कशॉपच्या माडीवर त्यांची छोटीशी कंपनी होती. खाली पत्रा दाबायचा प्रेस चालू झाला की वरच्या कपातला चहा थरथरायचा. 'सांगावा' हे त्यांचं निरोपांचं अ‍ॅप, कांदा-द्राक्षं पिकवणाऱ्यांसाठी, आणि हा मेनू म्हणजे त्याचा जीव. इतर अ‍ॅपांत काही पाठवायचं तर तीच दहा चिन्हं त्याच रांगेत, मग तुम्ही साहेबाशी बोलत असा की आईशी. उज्वलाचा मेनू माणूस पाहून बदलायचा. समोर कोण आहे, दिवस कुठला, त्याने शेवटी काय विचारलं आणि तुम्ही त्याला एरवी काय पाठवता, हे बघून जे लागणार तेच पुढे करायचा. वाचता न येणाऱ्या माणसाशी पंधरा दिवस आवाजातच बोललात, की 'बोलून सांगा' पहिल्या जागी. कुणी पत्ता विचारला, की 'ठिकाण कळवा' वर सरकलं. आणि समोर कांदेवाला असेल तर सगळ्यांत ठळक, हिरव्या रंगात 'लिलाव', म्हणजे आज लिलाव किती वाजता आणि आपला नंबर कितवा, ते एका बोटात कळवता येई. हे सगळं बसवायला तिची दीड वर्षं गेली होती.

पाच आठवड्यांपूर्वी हा मेनू कंपनीच्या फक्त चार फोनांत घातला होता. एक उज्वलाकडे, एक गावोगाव फिरून शेतकऱ्यांना अ‍ॅप शिकवणाऱ्या छायाकडे, एक प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सार्थककडे आणि एक व्यापाऱ्यांना अ‍ॅप दाखवणाऱ्या कुंदनकडे. चाचणीतल्या शेतकऱ्यांकडे अ‍ॅप होतं, पण त्यांच्या अ‍ॅपात हा मेनू अजून घातला नव्हता. म्हणजे चोरी या चारांतल्याच एका फोनातून झाली होती.

धनराज सरांनी बाकीच्या तिघांना बाहेर पाठवलं. मागच्या वर्षी याच पुण्याच्या कंपनीने उज्वलाला नोकरीला बोलावलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. ती गेली नव्हती, हेही ठाऊक होतं; पण आज त्यांना फक्त पहिलं आठवत होतं.

"सोमवारी अकरापर्यंत कोणी केलं ते मला सांग," ते म्हणाले. "नाही सांगता आलं, तर राजीनामा दे. आणि कुणी कारण विचारलं तर मी ते लपवणार नाही."

असं कारण बरोबर घेऊन फिरणाऱ्या बाईला या धंद्यात पुन्हा कोण दारात उभं करणार होतं?

२

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा संतोषने, तिच्या नवऱ्याने, तिचा चेहरा पाहूनच चहा टाकला. तो सातपूरच्याच एका कारखान्यात कंत्राटावर होता, शिफ्टमागून शिफ्ट, सहा वर्षं झाली तरी कायम होण्याचं नाव नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, तिला जेवायला लावलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाला, लय झालं या लोकांचं, दे सोडून, जग काय सातपूरवर संपत नाय. उज्वलाला बरं वाटलं. आपल्या बाजूने एक माणूस तरी पक्का आहे, असं वाटून तिला रडूही आलं.

शनिवारी सकाळी तिने ती जाहिरात पुन्हा लावली. आठव्या की नवव्या वेळेला तिची नजर मेनूवरून सरकून त्या पांढऱ्या सदऱ्यामागे गेली. ट्रॅक्टर. गोणपाट. लिलाव पुकारणारा माणूस. सगळा देखावा लिलावाचाच, आणि मेनूत 'लिलाव' नाही.

तिने पडदा थांबवला आणि चौकोन मोजले. चारच होते. पाचवा नव्हता.

तिने आजवर काढलेल्या एकूण एक चित्रांत कांदेवाल्याच्या मेनूत 'लिलाव' होता. चित्रं चोरली असती तर तो चौकोन आधी गेला असता. म्हणजे चोराने चित्रं नेलीच नव्हती. चालू फोनवर मेनू उघडला असताना पडद्याचा फोटो काढला होता, आणि पुण्याच्या शहाण्यांनी तो जसाच्या तसा उतरवला होता. चाचणीत समोर कांदेवाले आणि व्यापारीच होते, आणि व्यापाऱ्याचा मेनू वेगळाच दिसतो. पण कांदेवाल्याशी बोलताना 'लिलाव' दिसणार नाही असा दिवस कुठला?

ती खुर्चीत ताठ बसली. असा दिवस होता, आणि तो तिनेच अ‍ॅपात घातला होता.

अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची या भागातली जुनी रीत. काही बाजारांनी ती सोडली, काहींनी धरून ठेवली. चाचणीला अडीच आठवडे होत आले तेव्हा छाया एका गावाहून हसत आली होती. उद्या अमावास्या असताना तुमचं मशीन लिलाव किती वाजता ते सांगा म्हणतंय, त्याला पंचांग शिकवा आधी, असं तिच्या फोनवरचा मेनू पाहून तिला एका म्हाताऱ्याने सुनावलं होतं. उज्वलाने त्याच दिवशी शिकवलं. ज्या बाजारांत रीत पाळतात, तिथल्या शेतकऱ्याशी बोलताना अमावास्येला 'लिलाव' आपोआप गळायचा. पुण्यात बसून हे कळणं अवघडच. त्यांना वाटलं असणार, कांदेवाल्याचा मेनू चारच चौकोनांचा असतो.

पाच आठवड्यांत अमावास्या एकच येऊन गेली होती. वार बुधवार. त्या दिवशी कुणीतरी फोटो काढला होता, आणि तो फोन कुणाचा हे तो मेनूच सांगणार होता.

३

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं. तिने कुंदनला खालच्या चहाच्या टपरीवर गाठलं. ऑफिसात सगळ्यांचा संशय त्याच्यावरच होता, कारण त्याची ऊठबस पुण्याकडच्या लोकांत आणि बोलणं तेल लावल्यासारखं. त्याला ते कळत होतं, म्हणून तो आधीच फणकारलेला होता. त्या बुधवारी तो विंचूरला होता, तीन व्यापाऱ्यांना भेटला, हवं तर फोन लावून विचारा ताई, असं म्हणत त्याने आपला फोन तिच्या हातात आदळला.

उज्वलाने तिथेच तो चाळला. कुंदनचं सगळं बोलणं व्यापाऱ्यांशी होतं आणि व्यापारी टाईप करतात, बोलत बसत नाहीत. व्यापाऱ्याच्या मेनूत पहिलं येतं 'भाव'. अमावास्या असो की पौर्णिमा, कुंदनच्या फोनवर 'बोलून सांगा' पहिल्या जागी कधीच आलं नव्हतं. तिने फोन परत दिला आणि त्याच्या चहाचे पैसेही दिले.

सार्थकचा निकाल त्याहून लवकर लागला. तो चाचणीसाठी आपला फोन रोज सकाळी पुसून कोरा करायचा. मेनूला माणसाची सवय लागायला पंधरा दिवस लागतात. रोज सकाळी सगळं विसरणाऱ्या फोनला, समोरचा माणूस वाचत नाही, हे कळणार कुठून? सार्थकला ती हे समजावत होती तेव्हा तो बिचारा घाबरून नुसता मान हलवत होता. आपण सुटलो हे त्याला जरा उशिराच कळलं.

राहिली छाया.

कॉलेजच्या वसतिगृहापासूनची मैत्रीण. तिला या नोकरीवर उज्वलानेच आणलेलं. छायाच्या फोनवर चाळीस शेतकरी होते, निम्म्यांना वाचता येत नव्हतं, ती त्यांच्याशी आवाजातच बोलायची. 'बोलून सांगा' पहिलं आणि 'लिलाव' गायब. दोन्ही तिला बरोबर बसत होतं.

४

खरं तर सरळ विचारायला हवं होतं. उज्वलाने विचारलं नाही. ऑफिसातच छाया जेवायला बसली तेव्हा तिने, तुझा फोन चार्जिंगला लावते गं, असं म्हणून तो उचलला आणि आतल्या खोलीत नेला. स्वतःची लाज वाटत होती, तरी बोटं थांबली नाहीत.

आता तिला दुसऱ्या जागेवरचा चौकोन शोधायचा होता. 'ठिकाण कळवा'. तो वर सरकतो एकाच कारणाने, समोरच्याने पत्ता विचारला तर. तिने त्या बुधवारचे निरोप एकेक करून ऐकले. लिलाव नाही म्हणून माणसं घरीच होती. कुणी औषधाचं नाव विचारत होतं, कुणी कांदा साठवायच्या चाळीत पाणी शिरल्याचं सांगत होतं, एका बाईने छायाला लग्नासाठी स्थळही सुचवलं होतं. कुठं येऊ, कुठं उतरू, असं चाळीसांतल्या एकानेही विचारलेलं नव्हतं.

छाया नव्हती. उज्वलाने सुटकेचा श्वास सोडला आणि तो पुरता सुटायच्या आतच अडकला. कुंदन नाही, सार्थक नाही, छाया नाही. चार फोनांतले तीन झाले होते. चौथा तिच्या पर्समध्ये होता.

५

तिने तो फोन रविवारी सकाळी उघडला. शनिवारी धीरच झाला नाही. संतोष किराणा आणायला गेला होता.

चाचणीसाठी तिने आपल्या मामाला, गेणूमामाला, या फोनवर घेतलं होतं. मामा नामपूरकडचा, कांदेवाला, अक्षरओळख नाही. भाचीच्या फोटोवर बोट ठेवायचं आणि बोलायचं, एवढंच तो शिकला होता. दुसरा नंबर त्याला लावता येत नव्हता. अमावास्येच्या दिवशी त्याचा एक निरोप होता, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांचा. तिने तो लावला.

"माय, मी एष्टीमा शे. आते कोठे उतरू?"

आणि मग तिला सगळं एकदम आठवलं. लिलाव नाही म्हणून मामा मोकळा होता, आणि म्हणूनच डोळे तपासायला त्याच दिवशी नाशिकला निघाला होता. तिला दोन ते पाच धनराज सरांसमोर मेनूचं सादरीकरण होतं. मामाला फक्त तिचा फोटो दाबता येतो म्हणून तिने सकाळी हा फोन संतोषला दिला होता. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. कंपनीचा फोन कुणाला द्यायचा नाही, असा नियम होता. पण नवरा म्हणजे कुणी का?

तिने पुढचा निरोप लावला. तिच्या फोनवरून गेलेला, आवाज संतोषचा. मामा, ठक्कर बाजारला उतरा, मी येतोच.

तिने मामाला फोन लावला आणि काही न सांगता त्या दिवसाची चौकशी केली. मामा म्हणाला, सगळं चांगलं झालं, फक्त स्टँडवर तासभर बसावं लागलं. जावई आले तेव्हा बरोबर कोणीतरी पँट-बुशकोटातला दोस्त होता, पुण्याचा, आणि दोघं फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

"तुले माहीत व्हतं ना, माय?" मामाने विचारलं.

उज्वला हो म्हणाली. मामाला काय सांगणार होती ती?

६

संतोष पिशव्या घेऊन आला. तिने फोन टेबलावर ठेवला, मेनू उघडा. काही विचारायची गरज पडली नाही. त्याने पिशव्या खाली ठेवल्या आणि तो समोर बसला.

पॉलिटेक्निकचा दोस्त होता, तो म्हणाला. मागच्या वर्षी तिला पुण्याला बोलावणाराही तोच. त्याने मेनू दोन-तीनदा वर-खाली करून पाहिला आणि एकच फोटो मागितला, कशाला लागणार हे संतोषने विचारलं नाही. बदल्यात तिथे ऑफिसात टेबलखुर्चीची नोकरी देतो म्हणाला.

"सहा वर्षं मी मशीनपाशी उभा आहे, उज्वला. तुला पुण्याचं बोलावणं आलं, तू मला विचारलंही नाहीस, सरळ नाही म्हणालीस."

"शुक्रवारी मी इथेच बसून रडले," उज्वला म्हणाली. "तुम्ही मला जेवायला वाढलंत. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. मग जे म्हणाला ते त्याने म्हणायला नको होतं. इथलं सुटलं तर तू पुण्याला येशील, असं वाटलं. आपण दोघंही जाऊ, असं वाटलं.

म्हणजे तिची नोकरी जाणं हा अपघात नव्हता. त्याने ते मनात धरलं होतं. उज्वलाला वाटलं, माणसाने थोबाडीत मारली तरी एवढं लागत नाही. पाठीवर ठेवलेला तो हात आठवून तिला किळस आली.

मग संतोष पुढे सरकला. आवाज खालचा, समजुतीचा. धनराजला तू एवढंच सांग, की 'बोलून सांगा' पहिलं आणि 'लिलाव' गायब. छायाचा फोन त्यात बसतोच की. ठिकाणाचं कोण बघतंय, ते फक्त तुलाच कळतं.

"तिला काय, दुसरीकडं मिळून जाईल," तो म्हणाला. "मागं ना घर, ना संसार. आपला तर वाचेल."

लग्नाच्या आठ वर्षांत उज्वलाने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"तू आत जा," ती म्हणाली. "मला तुझं तोंड दिसायला नको."

७

सोमवारी पावणेअकरा वाजता ती धनराज सरांच्या टेबलापुढे उभी राहिली. तिघांना तिनेच आत बोलावून घेतलं. तिने जाहिरात लावली, चौकोन मोजून दाखवले, अमावास्या सांगितली. कुंदनचा 'भाव', सार्थकचा कोरा फोन, छायाचे चाळीस शेतकरी, सगळं क्रमाने. त्यांनी आपला मेनू चोरलेला नाही, ती म्हणाली, एका माणसाचा एका दुपारचा मेनू चोरलाय. तो माणूस म्हणजे अमावास्येला लिलाव नसलेल्या बाजारातला कांदेवाला, वाचता न येणारा, आणि तीन दहाला कुठे उतरू विचारणारा. तो माझा मामा.

"फोन माझा होता. तो मीच नवऱ्याच्या हातात दिला. फोटो संतोषने काढला."

खाली प्रेस सुरू झाला. धनराज सरांनी कॅलेंडर पाहिलं. त्या बुधवारी दोन ते पाच ती याच खोलीत, याच पडद्यापुढे उभी होती, हे सांगायला त्यांना दुसरा साक्षीदार नको होता. तरी त्यांनी विचारलंच, तुला आधी माहीत नव्हतं हे मी कशावरून मानू?

"मानू नका," उज्वला म्हणाली. "माहीत असतं तर मी छायाचं नाव घेतलं असतं. बसत होतं."

छायाने तिच्याकडे पाहिलं.

"शनिवारी माझा फोन चार्जिंगला लावते म्हणालीस," तिने हळूच विचारलं. "तेव्हा तू हेच बघत होतीस?"

"हो."

छाया खुर्ची सरकवून बाहेर गेली, आणि तिच्यामागून जाण्याचा उज्वलाला काही हक्क उरलेला नव्हता.

धनराज सरांनी वकिलांना बोलावलं. राजीनामा नको, ते म्हणाले, पण हे सगळं लेखी हवं, पुण्याच्या कंपनीला नोटीस द्यायची तर नाव घेऊन द्यावी लागेल. तोंडी सांगणं वेगळं आणि कागदावर देणं वेगळं, विचार कर. तिने विचार रविवारी रात्रीच करून ठेवला होता.

दुपारी तीनच्या सुमारास मसुदा आला. दीड पान. मधल्या परिच्छेदात लिहिलं होतं, सदर फोटो संतोष वाळू बोरस्ते यांनी माझ्या संमतीविना काढून त्रयस्थ व्यक्तीस पाठविला. तळाशी 'लिहून देणार' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे तिचं पूर्ण नाव, उज्वला संतोष बोरस्ते.

एकाच पानावर ते नाव दोनदा आलं होतं. एकदा चोराच्या जागी आणि एकदा तिच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध. वकिलांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि माहेरचं नाव लावायचं का, असं अदबीने विचारलं.

"आधारकार्डावर हेच आहे," उज्वला म्हणाली, आणि तिने पूर्ण नावाने सही केली.